अनुभवाचा दाखला

आमच्या बेलपाड्यात कुणाला चार ओळी लिहून हव्या असल्या की तो माझ्याकडे येतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. पण दोन-तीन कादंबऱ्या छापून निघाल्या आहेत, आणि तेवढ्यावरून गावात अशी समजूत झाली आहे की मास्तरांच्या हातचा कागद कुठेही अडत नाही. ही समजूत खरी नाही. मी लिहिलेले कितीतरी अर्ज कुठल्या ना कुठल्या कचेरीत अजून धूळ खात पडलेले असतील. तरी माणसे येतात, आणि मीही लिहून देतो. नाही म्हणण्याची मला सवय नाही. शिवाय खरे सांगायचे तर, आपल्या शब्दांची कुणाला तरी गरज आहे ही भावना लेखकाला फार गोड वाटते.

पूर्वी माणसे येत ती वारसनोंदीसाठी, सातबाऱ्यासाठी, कधी लग्नपत्रिकेच्या मजकुरासाठी. तेव्हा गावाच्या आसपास भातशेती होती, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला खारघरचा डोंगर. पुढे शेते नव्या मुंबईत गेली, शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून तर मेट्रो धावू लागली. तिच्या एका स्थानकाला बेलपाड्याचे नाव आहे. गाव बदलले तसे अर्जही बदलले. चार वर्षांपूर्वीच्या नवरात्रात असाच एक अर्ज माझ्याकडे आला. त्याची हकीकत लहान आहे. तिच्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र मला अजून पुरता सुटलेला नाही.

गावातलीच एक मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, वडिलांना घेऊन आली. तिला डॉक्टर व्हायचे होते आणि त्यासाठी विलायतेला जायचे होते. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर इमारत उभी राहिली होती. तिच्यातले आपल्या वाट्याचे दोन गाळे विकून खर्च भागवायचा असे घरात ठरले होते. वडील म्हणाले, "मास्तर, जमीन तं गेली. आता पोरगी डाक्टर झाली म्हंजे जमीन सार्थकी लागली असं आमी समजू." जमिनीचे पैसे पोटात कसे आणि किती लवकर जातात हे आमच्याकडे सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामुळे ह्या गृहस्थाचे मला कौतुक वाटले, आणि कागद चांगला उतरला पाहिजे अशी एक जबाबदारीही वाटली.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात जायचे तर 'नीट' नावाची परीक्षा द्यावी लागते. १८० उत्तरे, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक कापला जातो. २०१६ पासून देशभर बहुतेक सर्वत्र हीच एक वाट झाली आहे. उमेदवाराने आयुष्यात कधी आजारी माणूस जवळून पाहिला आहे की नाही, ह्याची चौकशी त्या परीक्षेत कुठेही नाही. विलायतेत तसे नाही. तिथे गुण तर लागतातच. पण अर्जासोबत स्वतःविषयी चार हजार अक्षरांत मावेल एवढे एक टिपण द्यावे लागते. त्यात मुलाने सांगायचे असते की आपण इस्पितळात, वृद्धाश्रमात, अपंगांच्या शाळेत कुठे काम केले, तिथे काय पाहिले आणि त्यावरून काय शिकलो. अमेरिकेतही अशीच रीत आहे. तिथल्या अर्जात अशा पंधरा कामांची नोंद करायला जागा असते, आणि त्यांतली तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यांच्याविषयी अधिक लिहिता येते. ऐकून मला वाटले, किती शहाणी माणसे! ज्याला पुढे जन्मभर रोग्यांत राहायचे आहे, त्याने आधी चार दिवस रोग्यांत राहून पाहावे, ह्यात चूक ते काय?

मी मुलीला विचारले, "तू कुठे काम केलेस?"

एका ओळखीच्या डॉक्टरांच्या छोट्या इस्पितळात ती अकरा दिवस सकाळची जात होती. काय केलेस म्हणून विचारल्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, मी बहुतेक वेळ कोपऱ्यात उभी होते. केसपेपर लावून दिले. एकदा एका बाईंना तहान लागली होती म्हणून पाणी दिलं, तर सिस्टर माझ्यावर ओरडल्या. त्यांचं ऑपरेशन होतं ना, उपाशीपोटी ठेवलं होतं त्यांना."

मी हसलो आणि म्हटले, "हे राहू दे. हे लिहिता यायचे नाही."

आणि मी लिहिले. एक एकटे म्हातारे गृहस्थ. भेटायला कुणी येत नाही. रात्री त्यांना झोप लागत नाही. ही मुलगी त्यांच्या खाटेशी बसते, त्यांचा हात हातात घेते, ते तिला आपल्या गावच्या गोष्टी सांगतात, आणि तिला कळते की औषधाच्या आधी माणसाला माणूस लागतो. मराठीत मी लिहिले, तिच्या चुलतभावाने त्याचे इंग्रजी केले. मजकूर सुरेख उतरला होता. ती मुलगी इस्पितळात रात्रीची कधी गेलीच नव्हती, हे लिहिताना मला आठवत होते. पण रात्रीवाचून ते चित्र उभे राहत नव्हते.

जानेवारीत एका रात्री साडेनऊच्या सुमारास तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, पडद्यावरची. आवाज घाबरलेला होता. "सर, त्या आजोबांचं नाव विचारलं तर काय सांगू?"

मी क्षणाचाही विचार न करता नाव सांगितले. कादंबरीकाराला पात्रांची नावे सुचायला वेळ लागत नाही. "ठीक आहे सर," असे म्हणून तिने फोन ठेवला. मी जेवायला बसलो, आणि पहिला घास हातात असताना माझ्या लक्षात आले की मी जे नाव सांगितले ते माझ्या वडिलांचे होते.

आता ही गोष्ट मी शाळेतल्या एका सहकाऱ्याला सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अहो, त्यात एवढे काय? सगळेच करतात. मुलगी हुशार आहे, गरजू आहे. कुणाचे नुकसान झाले?" ह्या प्रश्नाला झटकन उत्तर देता येत नाही. मुलगी खरोखरच हुशार होती. तिच्याहून कमी लायकीच्या मुलांनी पैसे मोजून ह्याहून थोर खोटे लिहवून घेतले असेल. आणि खोटे लिहिणे हा तर माझा धंदाच आहे, असेही कुणी म्हणेल. ते मात्र मला मान्य नाही. श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली 'आनंदी गोपाळ' लिहिली. खऱ्या माणसांच्या तोंडी आपले शब्द घातले. पण पुस्तक हातात घेणाऱ्याला ठाऊक असते की ही कादंबरी आहे. वाचक आणि लेखक ह्यांच्यात आधीच एक करार झालेला असतो. माझा कागद ज्यांनी वाचला त्यांच्याशी मी असा कुठलाच करार केला नव्हता. कादंबरीत मी कल्पना करतो, कागदावर मी फसवले. शब्द तेच असतील, पण दोन्ही कामे एक नव्हेत.

तरीही माझी अस्वस्थता केवळ खोटेपणाची नव्हती. ती कशाची होती हे सांगायचे तर मला वडिलांच्या शेवटच्या दिवसांकडे जावे लागेल.

मी तेव्हा विशीत होतो. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांना मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात ठेवले. रात्री मी त्यांच्यापाशी असे. त्यांची वाचा गेली होती, पण डोळे शाबूत होते, आणि ते डोळे रात्रभर माझ्याकडे पाहत. एका रात्री मला ते पाहणे सोसेना. चहा घेऊन येतो असे सांगून मी खाली उतरलो आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर, एक चहा पिऊन झाल्यावरही, तासभर बसून राहिलो. परत आलो तर वॉर्डातली मावशी, जिचे काम भांडी देणे-उचलणे आणि चादरी बदलणे एवढेच, वडिलांच्या खाटेवर टेकून बसली होती. त्यांचा लुळा हात तिने आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती त्यांना आपल्या मुलीच्या लग्नाला किती खर्च आला ते सांगत होती. वडील तिच्याकडे पाहत होते. मला पाहून ती उठली, "आलास का बाबा," म्हणाली, आणि बादली उचलून पुढच्या खाटेकडे गेली. चौथ्या दिवशी वडील गेले.

म्हणजे तो हात हातात घेणारा मी नव्हतो. पुढे वीस वर्षांनी मी जे चित्र एका मुलीच्या नावावर लिहून दिले, ते मावशीचे होते. मी ते आधी स्वतःसाठी उचलले, इतक्या वर्षांत मनातल्या मनात घासूनपुसून ठेवले, आणि मग दुसऱ्याला देऊन टाकले. म्हाताऱ्याचे नाव मला ठाऊक होते म्हणून सांगता आले. मावशीचे नाव मी तेव्हा विचारलेही नव्हते.

रोग्यापाशी बसण्याचा अनुभव कुणाचा, असा प्रश्न जर खरोखरच विचारायचा असेल, तर प्रत्येक इस्पितळातल्या अशा मावश्यांना आधी विचारावे लागेल. कोणतेही महाविद्यालय त्यांच्याकडून अर्ज मागवणार नाही. आणि 'ह्यावरून तुम्ही काय शिकलात?' असे त्यांना विचारले तर त्या गोंधळून जातील, किंवा चिडतील. त्यांनी काही शिकण्यासाठी ते केलेले नसते. म्हातारा एकटा होता, काम संपत आले होते, पाय दुखत होते, खाटेवर जागा होती. अशा गोष्टी ह्याहून मोठ्या कारणाने घडत नाहीत.

इथे मी स्वतःलाच एक आक्षेप घेतो. हेतू शुद्ध हवा असा आग्रह धरला तर जगात कुणाला पाण्याचा थेंब मिळायचा नाही. आमचे आजे-पणजे वाटसरूला पाणी देत ते पुण्यासाठी. वर चित्रगुप्त वही उघडून बसला आहे आणि त्यात हे जमेला पडणार, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का असे. तहानलेल्याला त्याचे काय? त्याची तहान भागे. तेव्हा एखादा मुलगा अर्जावर डोळा ठेवून का होईना, वृद्धाश्रमात सहा महिने जाऊन म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवत असेल, तर म्हाताऱ्यांना पेपर ऐकायला मिळाला हे खरेच आहे. फरक एवढाच की चित्रगुप्ताला फसवता येत नाही, आणि त्याला चार हजार अक्षरेही लागत नाहीत.

ह्यातूनच मला वाटते, प्रश्न मुळात उलटा विचारला जातो. 'रोग्यापासून तू काय मिळवलेस?' असे विचारले की रोगी हा एक धडा होतो, आणि मुलगा वहीपेन घेऊन त्याच्या उशाशी उभा राहतो. 'रोग्याला तुझ्यापासून काय मिळाले?' असे विचारले असते, तर आमच्या मुलीला सांगावे लागले असते की अकरा दिवसांत रोग्यांना माझ्याकडून एक पेला पाणी मिळाले आणि तेही द्यायला नको होते. हेच उत्तर मी 'राहू दे' म्हणून खोडून टाकले होते! आज वाटते, तिच्याजवळ सांगण्यासारखे जे काही होते ते एवढेच होते आणि ते लहान नव्हते. दयेने दिलेले पाणीही घातक ठरू शकते, हे भूल देण्याआधी रोग्याला उपाशी का ठेवतात ते पुस्तकात वाचून कळते. पण आपल्या हातातला पेला कुणी हिसकावून घेतल्यावर ते जसे कळते तसे नाही. वैद्यकाची सुरुवात कदाचित ह्या लाजेपासूनच होत असेल.

आनंदीबाई जोशींची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, पण ह्या प्रश्नाच्या उजेडात ती मी पुन्हा पाहिली. कल्याणची मुलगी, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. गोपाळरावांची बदली अलिबागलाही झाली होती, म्हणजे आमच्याच ह्या जिल्ह्यात, ज्याला तेव्हा कुलाबा म्हणत. डॉक्टर व्हायचे ही गाठ तिच्या मनात त्या मुलाच्या मृत्यूने बसली असे सांगतात. मग तिचा अनुभव कोणता? दहा दिवसांचे एक मूल. असा अनुभव कुणी 'मिळवायला' जात नाही, आणि असा अनुभव असलाच पाहिजे अशी अट घालणारे महाविद्यालय राक्षसांचे म्हणावे लागेल.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिचा अर्ज. १८८३ च्या जूनमध्ये, अमेरिकेत पोचल्यावर, तिने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. वय अठरा. आपल्या देशातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदतीची किती गरज आहे आणि पुरुष वैद्याच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण कशा पत्करतात हे तिने त्यात सांगितले. आणि त्याच पत्रात, प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हेही तिने मोकळेपणाने कबूल केले. अर्ज लिहून देण्यात माझा जन्म गेला. पण अर्जात आपले उणे आपण होऊन लिहिण्याचा सल्ला मी आजवर एकालाही दिलेला नाही. तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. पुढच्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, ती गेली. रोग्यांची सेवा करायला तिला आयुष्यच उरले नाही. पण ज्यांनी तिला आत घेतले त्यांनी तिचे उणे वाचून घेतले होते, हे मला विसरता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की मास्तरांना आपली 'नीट'च बरी वाटते.

खारघरला टाटांचे कर्करोगाचे मोठे केंद्र आहे. कुठून कुठून रोगी येतात. उपचार महिनोन्महिने चालतात. आणि त्यांतली पुष्कळ कुटुंबे आसपासच्या गावांत खोली भाड्याने घेऊन राहतात. आमच्या आळीत असेच एक कुटुंब आले. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग. आईबापांना रिक्षावाल्याशी बोलायचीही भीती वाटे. शेजारच्या खोलीतला एक पोरगा, तेव्हा अकरावीत असेल, आपण होऊन त्यांच्या पाठीशी उभा राहिला. पहाटे रिक्षा आणणे, रांगेत कागद धरून उभे राहणे, कुठल्या दिवशी रक्त तपासायचे ते लक्षात ठेवणे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असल्या की त्या मुलाला कच्चे काही द्यायचे नाही, पाणी उकळून द्यायचे, बाहेरून आलेल्याने हात धुतल्याशिवाय जवळ जायचे नाही, हे त्याने त्या अडाणी आईला इतक्या वेळा समजावले की शेवटी आळीतल्या सगळ्या बायांना ते पाठ झाले. आठ महिने हे चालले. पोरगा बरा होऊन आपल्या गावी गेला. जाताना त्याने ह्याला एक प्लॅस्टिकची मोटार दिली. ती अजून ह्याच्या घरात टीव्हीवर आहे.

पुढल्या वर्षी ह्याने 'नीट'चा अर्ज भरायला घेतला तेव्हा मी शेजारी होतो. जन्मतारीख, जात, दहावीचे गुण, अंगठ्याचा ठसा असे सगळे भरून झाल्यावर त्याने मला विचारले, "सर, ते आठ महिने कुठं लिहायचे?"

तशी जागा अर्जात नव्हती. त्याला गुण कमी पडले. आज तो परिचारकाचे शिक्षण घेतो आहे आणि सुखी दिसतो. परिचारक होणे हे डॉक्टर होण्यापेक्षा खालचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्याला डॉक्टर व्हायचे होते, आणि तो झाला असता तर मी माझ्या आजारपणात त्याच्याकडे गेलो असतो.

मग अर्जात तशी जागा असावी का? त्या दिवशी मला वाटले, असलीच पाहिजे. घरी येईपर्यंत मत बदलले. तशी जागा छापली की सहा महिन्यांच्या आत आमच्या उत्सव चौकात पाट्या लागतील : 'अनुभव वर्ग, प्रवेश मर्यादित, दाखल्याची हमी'. टाटांच्या दारात रोग्यांपेक्षा मदत करणारी मुले जास्त होतील आणि प्रत्येकाच्या मागे फोटो काढायला एक बाप असेल. आणि आपल्या पोराच्या आठ महिन्यांची किंमत काय राहील? माझ्यासारखा एखादा मास्तर त्याहून सरस आठ महिने एका संध्याकाळी लिहून देईल.

सेवाग्रामला ह्या कोड्यातून निराळी वाट काढलेली आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था तिथे १९६९ साली, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली. पुष्कळ वर्षे त्यांची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र होती आणि तिच्यात गांधीविचारांवर एक प्रश्नपत्रिका असे. ह्या प्रश्नपत्रिकेचे मला फारसे कौतुक नाही. परीक्षा म्हटली की पाठांतर आले, आणि सत्याविषयीची उत्तरेही पाठ करता येतात. आता तिथेही प्रवेश 'नीट'वरच होतो. पण आत गेल्यावर जे होते ते मोलाचे आहे. नवी मुले पहिले पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात राहतात. प्रार्थना, सूतकताई, सफाई, श्रमदान. मग प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्यातली काही घरे येतात, आणि पुढे तो त्या घरी जात राहतो. म्हणजे अनुभव हा दारावरचा दाखला राहत नाही. दार उघडलेलेच असते. त्याच्या जोरावर काही मिळवायचे उरलेले नसल्यामुळे खोटे लिहिण्याचे कारणही उरत नाही. पोरे कंटाळत असतील, दिवस मोजत असतील. सूत तुटले की चिडत असतील. चिडू देत. २०१९ पासून देशातल्या सगळ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत अभ्यासक्रमाचा आरंभ एका प्रास्ताविक वर्गाने होतो, पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रोग्यांपर्यंत नेले जाते, आणि अलीकडे कुटुंब दत्तक घेण्याची पद्धतही सर्वत्र लागू झाली आहे. कागदावरचा नियम प्रत्यक्षात कसा उतरतो ते आपण जाणतोच. पण दिशा मला बरोबर वाटते.

आणि डॉक्टर झाल्यावरही हा अनुभव संपत नाही. आमच्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत होती, मुले तर फारच. ते रोग्यांच्या उशाशी बसले, तासातासाला काय होते ते पाहत राहिले, लिहीत राहिले. त्यातून प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या औषधाचा उपाय हाती आला आणि मृत्यूचे प्रमाण कमालीचे उतरले. खाटेशी बसणे म्हणजे नुसती माया नव्हे, तेही एक ज्ञान आहे, हे मला त्या हकीकतीने शिकवले. मावशीला ती माया होती. तिला ज्ञानाचा दरवाजा कुणी दाखवला नाही, एवढेच.

विलायतेला गेलेली ती मुलगी यंदा गणपतीला घरी आली होती. आता ती चौथ्या वर्षाला आहे. आरतीनंतर माझ्याकडे आली, उंबऱ्यातच पाया पडली, आणि थोडा वेळ इकडचे-तिकडचे बोलून म्हणाली, "सर, बरं झालं त्यांनी तेव्हा नाव विचारलं नाही. मी सांगितलं असतं तर त्यावरच मला नापास केलं असतं. रोग्याचं नाव बाहेर सांगायचंच नसतं. तेव्हा आपल्या दोघांनाही ते माहीत नव्हतं."

मी म्हटले, "ते नाव माझ्या वडिलांचे होते." आणि मग जे इतकी वर्षे कुणाला सांगितले नव्हते ते, टपरीवरच्या चहापासून मावशीपर्यंत, तिला सगळे सांगितले. तिने मधे एकदाही काही विचारले नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मी तिकडे शनिवार-रविवार एका वृद्धाश्रमात काम करते. पैशासाठीच करते, घरून मागायला आता लाज वाटते. अंघोळ घालणं, कपडे बदलणं. एक आजोबा आहेत, रोज मला विचारतात की तुझ्या गावी पाऊस लागला का."

"कोण आहेत ते?" मी सवयीने विचारले.

ती नुसती हसली. आईने तिच्यासाठी चकल्यांचा डबा भरून ठेवला होता, तो सामानाच्या वजनात बसेल की नाही ह्याची चौकशी करायला ती उठली.